घशाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया की किरणोपचार, हे कसे ठरवावे
रोबोटिक शस्त्रक्रियेला (शल्यचिकित्सकाने चालवलेल्या यंत्राच्या हातांनी तोंडावाटे गाठ काढण्याला) होकार देण्याआधी गाठ टॉन्सिलमध्ये आहे की जिभेच्या मुळाशी, ती किती मोठी आहे आणि एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूशी निगडित आहे का, हे समजून घ्यावे. गाठ लहान असली, तरी काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी आढळल्यास किंवा मानेतील लसिकाग्रंथीचे (लिम्फ नोडचे) आवरण भेदून रोग बाहेर पसरलेला असल्यास सहसा किरणोपचार आणि केमोथेरपीही घ्यावी लागते. म्हणून तिन्ही उपचार वाट्याला येण्याची शक्यता किती, हा प्रश्न शल्यचिकित्सकांना सर्वांत आधी विचारावा, असे मी कळकळीने सुचवेन. किरणोपचार साधारण ७ आठवडे चालतात आणि नंतर तोंड दीर्घकाळ कोरडे राहू शकते, त्यामुळे दात आधीच तपासून घ्यावेत. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध देणार असल्यास श्रवणशक्ती व मूत्रपिंडांची तपासणी करावी.