इस्पितळाच्या बिलिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बीकॉम किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंट करून गोव्यातल्या खासगी इस्पितळात लागलात, तर बहुधा टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेशी (टीपीए) व्यवहार करणाऱ्या टेबलावर बसवतात. मी त्याआधी सरकारी इस्पितळात आरोग्य योजनेच्या काउंटरवर होते. प्रशासकीय खर्च म्हणजे काय, हे मला या दोन खुर्च्यांवर बसून कळलं.

गुडघा बदलायची एक फाइल घ्या. प्री-ऑथचा (विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीचा) फॉर्म, ओळखपत्र, पॉलिसीची प्रत, एक्स-रे, नंतर इम्प्लांटचा स्टिकर आणि इनव्हॉइस. सगळं अपलोड केलं की क्वेरी येते: दुखणं कधीपासून आहे? मग ऑपरेशन थिएटरबाहेर डॉक्टरांची वाट बघायची, दोन ओळी लिहून घ्यायच्या, पुन्हा पाठवायच्या. शस्त्रक्रिया तीच, पण कंपनी बदलली की फॉर्म, दर, खोलीभाड्याची मर्यादा, सगळंच बदलतं. आमचा डेस्क, टीपीएची माणसं, कंपनीचे तपासनीस डॉक्टर, एवढ्यांचे पगार त्या एका गुडघ्यावर निघतात. फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना विमा नियामक आयआरडीएआयने व्यवस्थापन खर्चासाठी, कमिशन धरून, प्रीमियमच्या 35 टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. मला हा आकडा फार वाटतो.

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, हा व्याप कमी, कारण बहुतेकांचं बिलच करायचं नसतं. पण पेडण्याहून पहिली कदंब बस धरून, दिवसाची मजुरी बुडवून बांबोळीला आलेल्या माणसाचं नुकसान कुठल्याच खात्यात पडत नाही. 2018 मध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा रहिवासाचे पुरावे तपासणं आलं. मोफत सेवेला अट घातली की ती तपासायला माणूस बसवावाच लागतो.

गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 साली आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंतचे उपचार, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाख. पॅकेजचे, म्हणजे एका उपचाराच्या एकत्रित खर्चाचे, दर आधीच ठरलेले, त्यामुळे बिलातल्या एकेका ओळीवरून घासाघीस होत नाही. नव्यांनी ही पॅकेजची यादी आधी नीट वाचावी.

खासगीत असाल तर परत परत येणाऱ्या क्वेऱ्या वहीत टिपून ठेवा. आजार कधीपासून, आधी कुठे उपचार घेतले, बीपी-शुगर आहे का, हे भरतीच्या वेळीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यावी, असा 2024 पासून नियम आहे. पण कागद अपुरा असेल तर त्या नियमाचा रुग्णाला उपयोग होत नाही. नातेवाईक संध्याकाळपर्यंत खिडकीशी ताटकळतात आणि बेडही अडून राहतो.