करारातील डिजिटल कलम कसे वाचावे

फोंड्यातील स्टुडिओत नाट्यसंगीताची मैफल मुद्रित झाली आणि तिची फाइल लिस्बनमधील श्रोत्याने पैसे भरून डाउनलोड केली, तर वाटेत कुठेही कस्टम्सची खिडकी लागत नाही; तीच मैफल पेनड्राइव्हवर भरून कुरियरने धाडली, की ती वस्तू ठरते आणि पार्सलवर तिचे वर्णन व किंमत लिहावी लागते. ही सवलत कितपत पक्की आहे, हे ग्राहकाच्या देशाने केलेल्या करारातून तपासावे लागते.

मे १९९८ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्रिपरिषदेने इलेक्ट्रॉनिक पारेषणावर, म्हणजे इंटरनेटवरून फाइल वगैरे पाठवण्यावर, सीमाशुल्क न लावण्याची प्रथा चालू ठेवली. ही माफी नव्हे, मुदतीची स्थगिती: २०२४ च्या अबू धाबी परिषदेने ती पुढील परिषद किंवा ३१ मार्च २०२६, यांपैकी जे आधी येईल तोवरच वाढवली. म्हणून तेवढ्यावर भिस्त न ठेवता संबंधित व्यापार करारातील ई-कॉमर्सचे किंवा डिजिटल व्यापाराचे प्रकरण काढावे.

त्यातील सीमाशुल्काच्या कलमात आधी नाम पाहावे, कारण खरा वाद तेथेच आहे. नुसते ‘पारेषण’ लिहिले असेल, तर सवलत फेरीबोटीला आहे, बोटीतल्या मालाला नाही, असा अर्थ काढायला वाव राहतो. इंडोनेशियाने तो काढला आणि २०१८ मध्ये सॉफ्टवेअर व डिजिटल मालासाठी आपल्या शुल्कसूचीत वेगळ्या नोंदी केल्या. दर मात्र शून्य ठेवला. याउलट सीपीटीपीपी या, मुख्यतः पॅसिफिक किनाऱ्यावरील देशांच्या व्यापार कराराच्या कलम १४.३ मध्ये पारेषित आशयाचाही उल्लेख असल्याने ती फट बुजते.

नंतर क्रियापद पाहावे. ‘लावणार नाही’ हे बंधन आहे. ‘सध्याची प्रथा चालू ठेवू’ हे त्याहून सैल वचन आहे. भारत ज्यात नाही त्या आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात हे दुसरे रूप असून, जागतिक व्यापार संघटनेत जे ठरेल त्यानुसार प्रथा बदलण्याची मुभाही त्यात राखलेली आहे. शिवाय ते संपूर्ण प्रकरण कराराच्या वादनिवारण यंत्रणेबाहेर आहे, म्हणजे वचन मोडले तरी त्या यंत्रणेकडे दाद मागता येत नाही. असे वाक्य बहुधा प्रकरणाच्या शेवटी असते, आणि घाईत नेमके तेच वाचायचे राहून जाते.

सीमाशुल्क नाही म्हणजे कर नाही, असे मात्र समजू नये. अशा कलमांत अंतर्गत करांना सहसा स्पष्ट मोकळीक दिलेली असते. लिस्बनच्या त्या वैयक्तिक ग्राहकाच्या डाउनलोडवर पोर्तुगालचा व्हॅट लागतो, त्याचा सर्वसाधारण दर २३ टक्के आहे, आणि तो भरण्याची जबाबदारी युरोपीय संघाबाहेरून थेट विकणाऱ्या विक्रेत्यावर येते. इकडे, विक्रेत्याची जीएसटी नोंदणी असेल आणि व्यवहार सेवा-निर्यातीच्या अटींत बसत असेल, तर एलयूटी (हमीपत्र) दाखल करून आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) न भरता बिल करता येते. त्या बिलावर ‘संगीत’ एवढेच न लिहिता ‘डाउनलोडद्वारे पुरवलेले ध्वनिमुद्रण’ असे लिहावे आणि परकीय चलन जमा झाल्याचा बँकेचा दाखला त्यालाच जोडून ठेवावा.