सात बिटांमधला चुकलेला बिट कसा शोधावा

पुण्याजवळच्या भोसरीतील वर्कशॉपमध्ये मोठ्या मोटरचा कॉन्टॅक्टर (तिला चालू-बंद करणारा विद्युत स्विच) लागला किंवा सुटला की शेजारून गेलेल्या सिग्नलच्या तारेवर एखाद्या शून्याचा एक होऊ शकतो. उपाय निवडण्यापूर्वी संदेश पुन्हा मागवता येतो का, हे पाहावे. मॉडबस आरटीयू या कारखान्यातील उपकरणांच्या संवादपद्धतीत प्रत्येक संदेशाच्या शेवटी १६ बिटांचा सीआरसी, म्हणजे संदेशावरून काढलेला तपासणीचा आकडा, असतो. तो जुळला नाही तर उपकरण गप्प राहते आणि ठरलेला वेळ उलटल्यावर मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारे मुख्य उपकरण, तोच प्रश्न पुन्हा विचारतो. अशा ठिकाणी चूक ओळखता आली तरी पुरे, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये.

मात्र पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळणारी ४३३ मेगाहर्ट्झची स्वस्त ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडी गच्चीवरील टाकीची पातळी कळवण्यासाठी वापरली, तर रिसीव्हरला उलट बोलताच येत नाही. तेथे बेल लॅब्जमधील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत उपयोगी पडते. प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी ती चौकटीच्या वहीत एकदा हाताने करावी.

पाठवायचे बिट १०११ आहेत असे धरू. सात घरे आखून हे बिट क्रमाने ३, ५, ६ आणि ७ या घरांत भरावेत. १, २ आणि ४ ही घरे पॅरिटीसाठी, म्हणजे एकांची संख्या सम ठेवणाऱ्या तपासणीच्या बिटांसाठी, राखावीत. पहिले घर असे भरावे की १, ३, ५, ७ या घरांतील एकांची संख्या सम होईल. दुसरे घर २, ३, ६, ७ साठी आणि चौथे ४, ५, ६, ७ साठी त्याच नियमाने भरावे. प्रत्येक गटाला त्याच्या पॅरिटीच्या घराचाच क्रमांक द्यावा. आपला शब्द ०११००११ असा तयार होतो.

आता पाचवे घर मुद्दाम उलटवून ०११०१११ मिळाले असे समजून तिन्ही गट तपासावेत. पहिला आणि चौथा गट विषम निघतो, दुसरा सम राहतो; विषम गटांच्या क्रमांकांची बेरीज १ + ४ = ५, म्हणजे नेमके बिघडलेले घर. ही बेरीज पहिल्यांदा जुळते तेव्हा गंमत वाटते, पण लगेच सहावे घरही उलटवून पाहावे. बेरीज ३ येते आणि रिसीव्हर बिनदिक्कत तिसरा, धडधाकट बिट बिघडवतो. भलत्याच बिटाची दुरुस्ती ही न पकडलेल्या चुकीइतकीच घातक असते. म्हणून सातही बिटांची एकत्रित पॅरिटी आठव्या घरात ठेवावी: बेरीज शून्य नसताना आठही घरांतील एकांची संख्या सम असेल, तर दोन बिट बिघडले आहेत असे मानून तो शब्द टाकून द्यावा आणि पुढच्या वाचनाची वाट पाहावी.

कॉन्टॅक्टरची ठिणगी सहसा लागोपाठचे अनेक बिट बिघडवते. त्यासाठी असे आठ शब्द एकाखाली एक लिहून ते ओळींऐवजी स्तंभांनुसार पाठवावेत, म्हणजे सलग आठ बिट गेले तरी प्रत्येक शब्दाच्या वाट्याला एकच चूक येते. मात्र शेवटचा स्तंभ येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौसष्टही बिट मिळेपर्यंत, पहिला शब्दसुद्धा उलगडता येत नाही. टाकीच्या पातळीला एवढा विलंब चालतो, यंत्राच्या इमर्जन्सी स्टॉपला चालणार नाही.