आधी पट्टी, मग रस्ता

मुलुंडला गाडी शिकवते मी. नव्या, मोठ्या स्क्रीनच्या गाड्या घेऊन येणाऱ्यांना हल्ली पहिल्या दिवशी रस्त्यावर नेतच नाही. स्क्रीनमुळे हात किती मंदावतो ते दाखवायला कंपासपेटीतली ३० सेंटिमीटरची पट्टी काढते.

घरी करून बघा. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला, किल्ली फक्त स्क्रीन लागण्यापुरती फिरवलेली. शेजारच्याने पट्टी वरून उभी धरायची. शून्य खाली, तुमच्या उजव्या हाताच्या चिमटीत, पण न टेकता. त्याने न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची. २० सेंटिमीटरवर सापडली तर ०.२ सेकंद लागले. आता तीच पट्टी, पण डाव्या हाताने स्क्रीनवर एसी २२ वरून २५ वर न्यायचा. पट्टी थेट मांडीवर! म्हणजे अख्खी पट्टी पडायला लागतो तो पाव सेकंद गेलाच, पुढे किती ते पट्टी सांगत नाही. दहा वेळा तरी करा, कारण सुरुवातीला सगळेच चोरून पट्टीकडे बघतात. शिवाय हा नुसता हाताचा हिशेब. ब्रेकवर पाय न्यायचा वेळ वेगळा.

ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की ३३ मीटर. बेस्टच्या जवळजवळ तीन बस, आणि ब्रेकला पाय लागायचाच आहे. गाडीतल्या स्क्रीनसाठीच्या अमेरिकेच्या २०१३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचना एका नजरेला दोन सेकंद देतात. आमच्या एलबीएस रोडला तेही जास्तच, इथे पॅसेंजर दिसला की रिक्षा जागच्या जागी थांबते. गेल्या पावसाळ्यात भांडुपला एक ताई गाणं बदलत होत्या. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक होता म्हणून रिक्षा वाचली.

"मॅडम, मी बोलूनच सांगतो गाडीला," असं म्हणणारेही असतात. ब्रिटनमध्ये २०२० साली सिम्युलेटरवर चाचणी झाली. स्क्रीनला हात लावून कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर चालवायची सोय) वापरणाऱ्यांची प्रतिक्रिया ५७ टक्क्यांनी मंदावली, बोलून वापरणाऱ्यांची ३६ टक्क्यांनी. कमी, पण फुकट नाही.

तेव्हा मॅप, गाणी, एसी सगळं गिअर टाकायच्या आधी. वाटेत रस्ता बदलायचा झाला तर शेजारच्याला सांगा, एकटे असाल तर पेट्रोल पंपावर थांबा. पावसात काचेवरची वाफ घालवायचं बटण मात्र आधीच शोधून ठेवा. उभ्या गाडीत, डोळे मिटून सापडतं का बघा. ते स्क्रीनच्या मेनूत दडलेलं असेल तर पाऊस दिसला की निघतानाच चालू करा, ऐरोलीच्या पुलावर शोधत बसू नका.