मोटरवेवर पहिल्यांदा गाडी नेण्याआधी: कॅमेरे, लाल फुली आणि लॉगबुकावरचा पत्ता

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्स चालतं, त्यानंतर नाही. ते इथे बदलूनही मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. प्रॅक्टिकलमध्ये मोटरवे नसतो. त्यामुळे काल पास झालेला माणूस आज कोणी शेजारी न बसता लंडनभोवतीच्या एम-२५ मोटरवेवर जाऊ शकतो, आणि बरेच जण जातातही. ४ जून २०१८ पासून शिकाऊ चालकालाही मान्यताप्राप्त प्रशिक्षकासोबत, दोन्हीकडे ब्रेक असलेल्या गाडीत मोटरवेवर जाता येतं. असे दोन तास नक्की घ्या. स्लिप रोडवरून (मोटरवेला जोडणाऱ्या रस्त्यावरून) ताशी ७० मैलांच्या प्रवाहात मिसळणं, लेनची शिस्त, वरच्या पाट्या वाचणं हे यूट्यूबवर बघून अंगात येत नाही.

आपल्या लोकांच्या गप्पांमध्ये मोटरवेचा विषय निघाला की तो कॅमेऱ्यांवर जातो आणि तिथेच संपतो. कुठे आहेत, कितीपर्यंत चालतं, कोणाला पत्र आलं. ही चर्चा चुकीच्या जागी अडकलेली आहे. कॅमेऱ्याचं उत्तर सोपं आहे: पाटीवर आकडा असेल तो पाळा. जीव धोक्यात येतो तो गाडी कुठे थांबते त्यावरून, आणि लायसन्स जातं ते पत्र कुठे जातं त्यावरून.

तरी कॅमेऱ्यांचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. उंच खांबावर बसवलेले, इकडेतिकडे वळणारे कॅमेरे कंट्रोल रूमसाठी असतात. कोंडी, अपघात, बंद पडलेली गाडी बघायला. त्यांच्याकडून दंडाचं पत्र येत नाही. रस्त्यावरच्या आडव्या गँट्रीवर (पाट्या लावलेल्या कमानीवर) किंवा कडेच्या खांबावर असतात ते वेगाचे कॅमेरे. रस्त्याचं काम चालू असेल तिथे पिवळ्या खांबांवर ओळीने लागलेले कॅमेरे सरासरी वेग मोजतात: एका खांबापाशी नंबर प्लेट वाचतात, पुढच्या खांबापाशी पुन्हा वाचतात आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागतात. लेन बदलली की हे कॅमेरे चुकतात असं कोणी छातीठोक सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून पुढे पळवण्यालाही इथे काही अर्थ नाही, सरासरी सरासरीच राहते.

दुसरा गैरसमज असा की ७० च्या मर्यादेत ७९ पर्यंत चालतं. मर्यादेवर दहा टक्के आणि वर दोन मैल होईपर्यंत सहसा कारवाई करत नाहीत, ही पोलिसांची मार्गदर्शक रेषा आहे. तो तुमचा हक्क नाही. ७१ लाही गुन्हा होतोच. तिसरा गैरसमज असा की गँट्री कोरी असली की कॅमेरा बंद असतो. कोरी गँट्री म्हणजे ७० ची नेहमीची मर्यादा लागू, आणि ७० साठीही कॅमेरा चालू असू शकतो.

गँट्रीवरच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ असेल तर ती कायदेशीर मर्यादा आहे. वर्तुळ नसेल, नुसता आकडा आणि लुकलुकणारे दिवे असतील, तर तो सल्ला आहे. पण तो सल्लाही पाळा, कारण पुढे काहीतरी घडलेलं असतं. ६०, मग ५०, मग ४० असे आकडे उतरत गेले तर पुढे रांग आहे असं समजा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा. गँट्रीखाली करकचून ब्रेक मारणारा मागच्या दहा गाड्यांना धोक्यात घालतो.

आता लाल फुली. लेनच्या वर लाल एक्स दिसला की ती लेन बंद. "रिकामी तर दिसतेय" हा विचार मनात येऊ देऊ नका. ती रिकामी दिसते कारण तुमच्या आधीच्यांनी फुली पाळली. बंद पडलेली गाडी, तिच्यातलं कुटुंब किंवा रस्त्यावर उतरलेला कामगार पुढच्या वळणाआड असतो. फुलीच्या आधीच्या गँट्रीवर बहुतेक वेळा तिरपा बाण दिसतो, तेव्हाच लेन सोडा. पुढच्या एखाद्या गँट्रीवर त्या लेनवर पुन्हा आकडा किंवा बंदी संपल्याची खूण दिसेपर्यंत परत शिरू नका. जून २०१९ पासून फुली मोडणाऱ्यांवर कॅमेऱ्याने कारवाई होते: १०० पौंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, म्हणजे गुन्ह्याच्या नोंदीचे गुण.

रस्त्याच्या आखणीबद्दल इथल्या चालकांची जी भीती आहे ती समजून घ्या, कारण ती खरी आहे. मोटरवेच्या डाव्या कडेला पूर्वीपासून हार्ड शोल्डर, म्हणजे बिघडलेली गाडी थांबवायची पट्टी, असायचा. गर्दी वाढली तशी रुंदीकरणाचा खर्च टाळायला त्याच पट्टीचा लेन म्हणून वापर सुरू झाला. २००६ मध्ये एम-४२ वर गर्दीच्या वेळेपुरता शोल्डर उघडायची पद्धत आली. २०१४ मध्ये एम-२५ च्या काही भागांत शोल्डर कायमचाच लेन झाला. याला इथे स्मार्ट मोटरवे म्हणतात. संसदेच्या वाहतूक समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये नवीन कामं थांबवायला सांगितलं, जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ती थांबवली आणि एप्रिल २०२३ मध्ये नव्या सगळ्या योजना रद्द केल्या. जे बांधून झालं होतं ते मात्र तसंच आहे. थांबलेली गाडी ओळखणारे रडार बसवले, थांबायच्या दीडशेहून जास्त जागा वाढवल्या, पण शोल्डर परत आला नाही. सरकारी आकडे सांगतात की एकूण अपघातांच्या हिशेबात हे रस्ते वाईट नाहीत. त्याच आकड्यांत हेही आहे की चालत्या लेनमध्ये बंद पडलेल्या गाडीवर दुसरी आदळण्याचा धोका शोल्डर नसलेल्या रस्त्यावर जास्त असतो. माझं मत स्पष्ट आहे: शोल्डर काढणं ही चूक होती. पण रस्ता आहे तसाच वापरायचा आहे, तेव्हा त्याची माहिती आपल्याकडे असली पाहिजे.

या भीतीपोटी आपले अनेक लोक मधल्या लेनमध्ये जाऊन बसतात, डावीकडे कोणी थांबलं असेल या धास्तीने. असं करू नका. डावी लेन मोकळी असताना मधली अडवणं हा गुन्हा आहे, त्यालाही १०० पौंड आणि ३ पॉइंट आहेत. डावीकडेच राहा, पुढच्या गाडीशी निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात चार. आणि पुढे मोठा ट्रक असेल तर आणखी मागे राहा, म्हणजे त्याच्या पलीकडचं दिसेल.

गाडी बिघडतेय असं वाटलं, आवाज आला, दिवा लागला, वाफ दिसली, तर बंद पडायची वाट बघू नका. पुढच्या एक्झिटने बाहेर पडा किंवा सर्व्हिसेसमध्ये (मोटरवेवरच्या विश्रांतीच्या थांब्यात) शिरा. तेवढं जमत नसेल तर इमर्जन्सी एरिया, म्हणजे कडेची थांबायची जागा, गाठा. निळ्या पाटीवर नारिंगी टेलिफोन आणि एसओएस अशी अक्षरं असतात, पुढची जागा किती अंतरावर आहे तेही लिहिलेलं असतं. जागेचा रस्ता नारिंगी रंगवलेला असतो, लांबूनही ओळखू येतो. (पाट्यांवर अंतरापुढे नुसतं एम लिहिलेलं असतं ते मैलांचं, मीटर समजून लेन बदलायची घाई करू नका.) गाडी पूर्ण आत घ्या, हॅझर्ड दिवे लावा, सगळ्यांनी डाव्या दारातून उतरा, मुलांनाही डावीकडूनच काढा, आणि बॅरियरच्या पलीकडे, गाडीपासून थोडं मागे, म्हणजे गाड्या येतात त्या बाजूला उभे राहा. गाडीवर मागून कोणी आदळलं तर ती पुढे ढकलली जाते. लाल त्रिकोण मोटरवेवर कधीही ठेवायचा नाही, हे शिकून आलेले लोकही विसरतात.

तिथला एसओएस फोन फुकट असतो आणि थेट कंट्रोल रूमला लागतो. तो मोबाइलपेक्षा चांगला, कारण तुम्ही नेमके कुठे आहात ते त्यांना आपोआप कळतं. मोबाइलवरून नॅशनल हायवेजला (मोटरवे सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीला) ०३०० १२३ ५००० वर फोन करायचा असेल तर कडेची छोटी निळी पाटी वाचून सांगा. त्यावर मोटरवेचा क्रमांक, दिशेचं अक्षर आणि एक आकडा असतो. सगळा देश मैलात मोजतो, पण हा आकडा किलोमीटरचा असतो; जसा आहे तसा वाचा. निघतानाही पुन्हा त्याच फोनवर सांगा. ते डाव्या लेनवर फुली लावतात किंवा वेग कमी करतात, मगच बाहेर या. उभ्या गाडीने ७० च्या प्रवाहात थेट शिरणं फार धोक्याचं असतं.

आणि गाडी चालत्या लेनमध्येच बंद पडली तर: हॅझर्ड लावा. डावीकडून सुरक्षित उतरता येत असेल तर उतरा आणि बॅरियरपलीकडे जा. येत नसेल तर पट्टा लावून आतच बसा आणि लगेच ९९९ फिरवा. ब्रेकडाउन कंपनीला नंतर.

टायर आणि पेट्रोल निघण्याआधी बघा. ब्रेकडाउन कव्हर घ्या, आणि त्यात गाडी घरापर्यंत आणून देणं आहे का ते वाचा.

फोन हातात घेतला तर २०० पौंड आणि ६ पॉइंट. सिग्नलला, रांगेत, कुठेही.

आता पत्ता. नव्याने आलेल्यांकडून होणारी सर्वांत महागडी चूक हीच आहे, आणि घरं बदलत राहणाऱ्या आपल्या लोकांत ती पुन्हा पुन्हा होते.

कॅमेऱ्याने नंबर टिपला की पोलिसांकडून पत्र निघतं ते लॉगबुकावर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) नाव असलेल्याला, लॉगबुकावरच्या पत्त्यावर. पहिलं पत्र गुन्ह्यापासून १४ दिवसांत यावं लागतं. सोबतच्या फॉर्मवर गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत कळवायचं असतं. गाडी कंपनीची, लीजची किंवा भाड्याची असेल तर १४ दिवसांचा नियम पहिल्या पत्राला लागतो, तुमच्यापर्यंत फिरून येणाऱ्या दुसऱ्याला नाही. उशिरा आलं म्हणून ते फेकून देऊ नका.

वेळेत उत्तर दिलं तर साध्या वेगाच्या प्रकरणात बहुधा दंड आणि पॉइंटऐवजी वेगाबद्दलचा कोर्स मिळतो, अट ही की गेल्या तीन वर्षांत केलेला नसावा. नाहीतर १०० पौंड, ३ पॉइंट. उत्तरच दिलं नाही तर वेगाचा विषय बाजूला राहतो आणि चालकाचं नाव न कळवल्याचा वेगळा गुन्हा उभा राहतो: ६ पॉइंट, हजार पौंडांपर्यंत दंड. लायसन्सवर एमएस-९० असा कोड बसतो. इन्शुरन्स कंपन्या त्याला वेगाच्या गुन्ह्यापेक्षा फार वाईट मानतात, कारण तो लपवाछपवीसारखा दिसतो.

आणि इथली परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द. भारतात पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी इथे तुम्ही नवे चालक आहात. पुन्हा प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल. म्हणजे ज्या पत्राला कोर्स करून सुटता आलं असतं, ते स्लाऊच्या जुन्या फ्लॅटच्या दारात पडून राहिलं म्हणून गाडीच हातातून जाते.

म्हणून घर बदललं त्याच आठवड्यात डीव्हीएलएला (लायसन्स आणि गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्यात) दोन वेगवेगळ्या जागी पत्ता बदला: लायसन्सवर आणि लॉगबुकावर. एक बदललं की दुसरं आपोआप बदलत नाही. दोन्ही गव्ह डॉट यूकेवर फुकट होतं. पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या असतात. कौन्सिल टॅक्सला, बँकेला, जीपीला (डॉक्टरला) कळवलं म्हणजे डीव्हीएलएला कळलं असं होत नाही. इन्शुरन्सला वेगळं कळवा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर लॉगबुक तुमच्या नावाने खरंच आलं का ते बघा. रॉयल मेलची पत्रं वळवायची सेवा काही महिन्यांसाठी घ्या.

कोर्टाने तुमच्या अपरोक्ष शिक्षा ठोठावल्याचं कळलं, तर कळल्यापासून २१ दिवसांत स्टॅच्युटरी डिक्लरेशन करता येतं: मला या खटल्याची माहितीच नव्हती असं शपथेवर सांगायचं, मग प्रकरण पुन्हा उघडतं. त्यासाठी रस्तेविषयक काम करणारा सॉलिसिटर गाठा. कोर्टात गेलेलं प्रकरण पुढे आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) आणि नागरिकत्वाच्या अर्जातही लिहावं लागतं.

पॉइंट वाचवायला बायकोचं किंवा मित्राचं नाव लिहिण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाचा सल्ला पुन्हा घेऊ नका. क्रिस ह्यून हे इथले मंत्री राहिलेले गृहस्थ. २००३ मध्ये एम-११ वरच्या कॅमेऱ्याने पकडलेले त्यांचे पॉइंट त्यांच्या पत्नीने घेतले होते. २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. डिपेंडंट व्हिसावर असलेल्या जोडीदाराला यात ओढणं म्हणजे दोघांचंही इथलं राहणं पणाला लावणं.

एम-२५ च्या वाटेवर टेम्स नदी ओलांडायच्या डार्टफर्ड क्रॉसिंगवर टोलनाका नाही, नंबर प्लेटवरून आकारणी होते आणि पैसे दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे असतात. राहिले तर त्या दंडाचं पत्रही लॉगबुकावरच्याच पत्त्यावर येतं.