खुनाच्या अपिलात निकालपत्र शेवटी वाचा

पहिलं खुनाचं अपील हाती आलं तेव्हा मी निकालपत्र दोनदा वाचलं आणि सीनिअरांना म्हटलं, "सर, यात काही दम नाही." ते म्हणाले, "निकालपत्र पटावं म्हणूनच लिहिलेलं असतं. आधी पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांची जुडी, उघड." तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: दोषारोप, साक्षी, ३१३ चा जबाब, रोजनामा (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाची नोंद). निकालपत्र शेवटी.

३१३ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम: पुराव्यात आरोपीविरुद्ध जे जे आलं ते त्याच्यापुढे ठेवून खुलासा मागणं (नव्या संहितेत कलम ३५१). खालच्या कोर्टात हे पुष्कळदा उरकलं जातं. "साक्षीदार असं सांगतो, काय म्हणणं?" "खोटं आहे." पुढचा प्रश्न. आमच्या केसमध्ये शिक्षेचा सगळा भार शर्टावरच्या रक्तावर होता. मी कागदावर डावीकडे निकालातली एकेक परिस्थिती लिहिली, उजवीकडे तिच्यावरचा प्रश्न क्रमांक. रक्तासमोरची जागा कोरीच राहिली. रासायनिक विश्लेषणाच्या अहवालाबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं!

मी हुरळलो. पण नवखे घसरतात ते इथेच. चूक सापडली म्हणून खटला आपोआप रद्द होत नाही. तिच्यामुळे आरोपीचं नुकसान झालं हे दाखवावं लागतं, असं शिवाजी सहाबराव बोबडे (१९७३) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो. जुन्या संहितेचं कलम ४६५ (नव्या संहितेत ५११) तर हरकत आधीच घेता आली असती का, हेही बघायला लावतं. रोजनामा वाचायचा तो त्यासाठी. उलट शरद बिरधीचंद सारडा (१९८४) या पुण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१३ मध्ये न विचारलेल्या परिस्थिती सरळ वगळल्या. म्हणून "खटला रद्द करा" म्हणू नका. तसं म्हटलं की खंडपीठ विचारतं, "मग खालच्या कोर्टात परत पाठवू?" आणि अशील आणखी काही वर्षं आत. "ही कडी काढा, पुराव्याच्या साखळीत काय उरतं ते बघा," असं म्हणा.



नुकसान दाखवायचं कसं? सीनिअरांनी मला तुरुंगात पाठवलं. अशिलाला विचारलं, "शर्टाबद्दल विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"जखमीला रिक्षात मीच उचलून ठेवलं होतं की."

परत येऊन पेपरबुक चाळलं. साक्षीदार क्रमांक ६ च्या उलटतपासात ती रिक्षा होती.