गल्फात जाताय? आधी आडनावातला 'सी' आणि 'के' बघा

मस्कतात बावीस वर्षं काढून गोव्यात डिचोलीला परतलो. तेव्हापासून कुणी ना कुणी पोरगा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन दारात उभा असतो. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, तिकीट कधीचं काढू?" अरे, आधी पिशवी उघड.

सगळ्यांत जास्त घोळ नावाचा. पोर्तुगीज लिहिण्यात 'के' नसायचाच, त्यामुळे जुन्या नोंदीत शिरोडकर 'सी'ने लिहिलेला. माझ्या भाच्याच्या जन्मदाखल्यावर तोच 'सी' उतरला. शाळेने 'के' लिहिला, पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघाला. लग्नाची नोंद आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे करावीच लागते. ती झाली जन्मदाखल्यावरून, म्हणजे परत 'सी'. कतारात दोह्याला नोकरी लागली, दोन वर्षं कुणी विचारलं नाही. बायकोला न्यायची वेळ आली तेव्हा तिथे अडवलं: दाखल्यावरचा नवरा आणि पासपोर्टावरचा माणूस एकच कशावरून? इथल्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं, "ॲफिडेव्हिट चालतं." नाही चाललं. शेवटी पोरगा रजा टाकून आला. 1990 च्या नाव-आडनाव बदलाच्या कायद्याखाली अर्ज, दाखले नव्याने, मग पुन्हा राज्य सरकारचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, वर कतारच्या दूतावासाचा. सात महिने गेले. तेवढे दिवस भाचेसुनेचा संसार फोनवर.

माझी पद्धत साधी आहे. नोकरीला अर्ज करण्याआधी सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडायचे. एकाने पासपोर्टातलं नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने दाखल्यावर बोट फिरवायचं. आईबापांची नावंही. एकट्याने करू नका, स्वतःच्या नावातली चूक स्वतःला दिसत नाही.

ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखवायच्या कागदावरचा परराष्ट्र मंत्रालयाचा खास शिक्का, केलं म्हणजे सगळीकडे चालतं, हाही एक भ्रम. ओमान, बहरीन, सौदीला चालतं. दुबई, कतार, कुवेतला दूतावासाचा शिक्का लागतोच.

व्हिजिट व्हिसावर जाऊन "तिथेच नोकरी बघतो" म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. चहा देतो. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, आणि पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघायला पाच मिनिटं लागतात. त्याला घेता येते ती फी जास्तीत जास्त 30,000 रुपये, वर जीएसटी. दीड लाख मागतो तो कसला एजंट?

आजोबांच्या नोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंत तर भारतीय पासपोर्ट कपाटात जपून ठेवू नका, तो परत करायचा असतो. आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे 2020 संपल्यापासून नुसत्या त्या पासपोर्टावर इंग्लंडात नव्याने राहायला जाता येत नाही. हे अजून दर महिन्याला एकाला तरी सांगावं लागतं.

बँकेतलं साधं खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथलं खातं, करून घ्या.

मूळ दाखले एजंटकडे ठेवून येऊ नका. पावती देतो म्हणाला तरी.